आधी खटका पाडायचा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको म्हणते, "तुमचं डोकं म्हणजे उसाच्या वाळल्या चोयट्या, काडी दाखवायचा अवकाश." म्हणू दे. रागापायी माझं नुकसान लई झालं, पण एकदा त्याच रागानं माझी लाज राखली आणि तेच सांगायला बसलोय. आमच्या साखर कारखान्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या डोक्याचं पॅनेल आलं, ते कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे मी ठरवलं. मी! दहावी नापास, कळंबच्या मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीचा पोरगा. समोर पुण्या-मुंबईचे टाय लावलेले इंजिनियर बसले होते, आमचे चीफ इंजिनियर बसले होते, अख्खं संचालक मंडळ बसलं होतं. अजून आठवलं तरी छाती दोन बोटं वर येते.

अब्बांचं कळंबच्या बाजारात दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळल्या की आमच्याकडं यायच्या, आम्ही तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचो. बहात्तरच्या दुष्काळात विहिरींनीच तळ दाखवला. पाणीच न्हाय तर मोटार चालणार कशी आणि जळणार कशी? दुकानाला कुलूप लावून अब्बा आणि मी सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. पुढं पाच-सहा वर्षांनी आमच्या भागात सहकारी कारखाना उभा राहिला. ढोकीचा कारखाना मोठा आणि नावाजलेला, आमचा आपला धाकटा, उघड्या माळावरचा. पण आम्हाला त्याचंच कौतुक. मी तिथं वायरमन म्हणून लागलो, अब्बांच्या हाताखाली तारेशी झालेली दोस्ती कामाला आली आणि दोन-तीन हंगामांत सगळे मला 'मिस्त्री' म्हणू लागले.

माझ्याकडं एक कपाट होतं, त्याची गोष्ट सांगतो. कारखान्यात अगदी शेवटी एक फिरती मशीन असते. शिजवून दाट केलेला पाक तिच्या जाळीच्या पिंपात सोडायचा आणि पिंप गरागरा फिरवायचं. मळी जाळीतून बाहेर उडते, साखर आत राहते. मग पाण्याचा फवारा, मग ब्रेक, मग साखर खरवडून खाली पाडायची, की पुन्हा पहिल्यापासून. हा क्रम सांभाळायला लोखंडी कपाटात साठ-सत्तर रिले बसवलेले. रिले म्हणजे विजेवर आपोआप पडणारा छोटा खटका. एकानं दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दिवसभर त्यांची टकटक ऐकून माझे कान असे झाले होते की एक टक चुकली तरी मी डबा खाता खाता उठायचो.

त्या कपाटाचे दुश्मन म्हणजे मुंग्या. साखरेची बारीक धूळ आत शिरायची, तिच्या मागं मुंग्या. मुंगी रिलेच्या तोंडात चिरडली की मशीन अर्ध्यातच थांबणार, पाक गार होऊन दगड होणार आणि तो फोडताना कामगार माझा उद्धार करणार. "मिस्त्री, तुमच्या मुंग्या आवरा की जरा!" जशा काही मी त्या पाळल्या होत्या.

त्या कपाटाचा एक नियमही होता आणि तो मी केलेला होता. सुरुवातीच्या हंगामात माझा उस्ताद, ज्यानं मला पॅनेल शिकवलं, तो आत हात घालून काम करत होता. कुणीतरी न बघता मेन खटका वर केला. उस्ताद जगला, पण उजवा हात कायमचा गेला. पुढं त्याला घास भरवावा लागायचा, ते मी डोळ्यानं बघितलंय. त्या दिवसापासून आमच्याकडं कायदा झाला. आधी खटका पाडायचा, मग फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा आणि मगच पॅनेलचं दार उघडायचं. कुणी चुकला तर मी त्याच्या सात पिढ्या काढायचो. लोक चिडायचे, पण नंतर कुणाचा हात गेला नाही.

ऐंशीनंतरच्या वर्षांत पावसानं परत दगा दिला. ऊस थोडा आणि तोही वाळका, पाक चिकट. चार-पाच महिन्यांचा हंगाम दोन महिन्यांवर आला. त्यातही मुंग्यांपायी मशीन थांबायला लागली, तसं संचालक मंडळानं ठरवलं की रिले काढायचे आणि पीएलसी बसवायचा. पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. एवढं नाव आमच्या लोकांच्या तोंडात मावेना, म्हणून त्यांनी सरळ 'डबा' करून टाकलं. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा डबा आणि त्यात साठ-सत्तर रिलेंचं सगळं काम. आत तारा जोडायच्या न्हायत, फक्त कशानंतर काय करायचं ते त्याला लिहून शिकवायचं. मुंगीला तोंड घालायला जागाच न्हाय.

आमचे चीफ इंजिनियर घाटाकडचे. माणूस हुशार, कामात चोख, कुणाचा एक पैसा खाल्लेला न्हाय, पण जिभेला हाड नाही. त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"मिस्त्री, डबा आला की त्याच्याबरोबर एक डिप्लोमावाला माणूस आणावा लागेल. जाहिरात लिहून ठेवलीय. तू मग उसाच्या गव्हाणीवरच्या मोटारी बघ."

गव्हाण म्हणजे जिथं ट्रॅक्टरमधला ऊस कारखान्याच्या तोंडात पडतो ती जागा. तिथं काम करणं कमीपणाचं न्हाय, माझे चांगले दोस्त तिथं होते. पण आठ-नऊ वर्षं ते कपाट मी पोटच्या लेकरासारखं सांभाळलेलं.

मी म्हणालो, "साहेब, आणि मी शिकलो तर?"

ते हसले. "अरे, इंग्रजीत असतं ते."

त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांचं हसणं मला जास्त लागलं. पॅनेल माझ्याकडं राहणार का जाणार, एवढा एकच विचार त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात होता.

मे महिन्यात तीन कंपन्यांचे लोक आपापले डबे घेऊन आले. चीफ साहेबांनी मशीनच्या शेजारी टेबल मांडायला लावलं, मी त्यावर बल्ब जोडले. एक बल्ब म्हणजे पाकाचं दार, एक फवारा, एक ब्रेक, असं. पहिल्या कंपनीचा डबा आमच्या पत्र्याखाली दुपारी तीनपर्यंत टिकला आणि त्यानं डोळे मिटले. त्यांचा इंजिनियर म्हणाला, याला एसी खोली लागते. आमच्या चेअरमनच्या खोलीत सुद्धा पंखाच होता. त्याला चहा पाजून वाटं लावलं.

दुसरा डबा निळा. काय देखणा होता! छोटा पडदा, बोटानं दाबायची बटणं, आणि प्रोग्रॅम बदलायचा तर उभ्या उभ्या दोन मिनिटांत. चीफ साहेब खूश. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? त्यांच्या इंजिनियरनं पूर्ण क्रम चालवून दाखवला, बल्ब एकामागं एक लागले-विझले. मग तो म्हणाला, "याच्या पोटात एक सेल आहे. वीज गेली तरी सेलवर याच्या सगळं लक्षात राहतं. सेल संपत आला की हा लाल दिवा लागतो, मग नवा घालायचा. कुणीही घालू शकेल."

चीफ साहेब माझ्याकडं वळले. "ऐकलंस ना? बदलून दाखव. आम्ही तोवर चहा घेऊन येतो."

ते ऑफिसात गेले. मी खटका पाडला. फ्यूज काढून खिशात टाकला. डब्याचं झाकण उघडून सेल काढला, फडक्यानं जागा पुसली. तेवढ्यात आमच्याही वाट्याला चहा आला. बशीत ओतून निवांत प्यालो, मग नवा सेल बसवला, फ्यूज लावला, खटका वर केला. हात पुसत उभा राहिलो, पोरीचं लग्न पार पाडल्यासारखा.

साहेब लोक आले. बटण दाबलं. एकही बल्ब लागेना.

तो कंपनीचा इंजिनियर डब्यावर वाकला आणि ओरडलाच. "पॉवर बंद करून सेल काढला? अहो, पॉवर चालू ठेवून बदलायचा असतो! सगळा प्रोग्रॅम पुसला गेला!"

मी म्हणालो, "चालू पॅनेलमध्ये हात घालायचा?"

"मग? इतकी साधी गोष्ट!"

चीफ साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर मला झापलं. "म्हणून शिकलेला माणूस पाहिजे म्हणतो मी. नाचता येईना अंगण वाकडं!" मशीनवरचे लोक दात काढत होते. परवापर्यंत मुंग्यांवरून चिडवणारे आता म्हणायला लागले, "मिस्त्रीनं डब्याची अक्कल धुऊन काढली." माझ्या कानशिलात आग पेटली होती, पण मी फडक्याची घडी घालत राहिलो. चूक माझीच होती, असं मलाही वाटलं.

घरी गेलो. आम्ही घरात दखनी बोलतो, पण इथं मराठीत सांगतो. बायकोनं माझं तोंड बघून विचारलं, आज कुणाशी भांडलात? मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे तुम्ही जे रोज करता तेच केलं?"

"व्हय."

"आणि तिथं दुसरा कुणी असता तर त्यानं काय केलं असतं?"

"तेच केलं असतं. न्हायतर मी त्याला जिता सोडला असता का?"

"मग तुमचं काय चुकलं?" असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विषय संपवला. तिचा संपला, माझा तिथंच सुरू झाला.

निळा डबा आठवडाभर ट्रायलला ठेवला होता, त्याचं पुस्तकही होतं. प्रोग्रॅम त्यांच्या माणसानं परत भरून दिला होता. मी ते पुस्तक घरी नेलं, पोरीच्या शाळेची डिक्शनरी मांडीवर घेतली आणि एकेक शब्द खणून काढायला लागलो. चार दिवस लागले. एका पानावर लिहिलं होतं की वीज पूर्ण बंद असेल तर सेल साधारण सहा महिने पुरतो. ते वाचलं आणि मी ताडकन उठून बसलो.

आमच्याकडं हंगाम संपला की एक पद्धत होती. शेवटची मोळी आत गेली, मशीनी धुऊन झाल्या, की सगळे मेन खटके पाडायचे. त्यांना तुळजापूरचं कुंकू लावायचं, लाल दोरा बांधायचा, नारळ फोडायचा. पुढच्या हंगामाला बॉयलर पेटवायची पूजा होईपर्यंत तो दोरा कुणी सोडायचा न्हाय. माझा धर्म वेगळा, पण तो दोरा मीही पाळायचो, कारण तो बांधलेला असला की आत काम करणाऱ्याच्या जिवाला धोका न्हाय. आणि दुष्काळात हंगाम दोनच महिने. म्हणजे खटका दहा महिने पडलेला! सहा महिन्यांत सेल मरणार, चार महिने डबा बिनसेलचा, आणि पूजेच्या दिवशी अख्खा तालुका जमलेला असताना डब्याला आपलं नावही आठवणार न्हाय.

निळा डबा वाईट नव्हता, हे इमानानं सांगतो. बारा महिने चालणाऱ्या कारखान्यात तो सोन्यासारखा. पण जे यंत्र वर्षात दहा महिने झोपतं आणि ज्याची माणसं खटका पाडल्याशिवाय हात लावत न्हायत, त्याला तो कामाचा नव्हता.

तिसऱ्या कंपनीचा डबा करडा, दिसायला अगदी भंगार. पडदा न्हाय, बटणं न्हायत. प्रोग्रॅम एका चिपमध्ये कायमचा कोरलेला. सेलबिल काही न्हाय. त्यांचा माणूस जरा लाजूनच सांगत होता, की प्रोग्रॅम बदलायचा झाला तर चिप पुण्याला न्यावी लागते, खास दिव्याखाली धरून पुसावी लागते आणि नवीन कोरावी लागते. त्या दिवशी संचालक मंडळ बघायला आलेलं. लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या, मधोमध चेअरमन. धोतर नेसणारा, थोडं बोलणारा शेतकरी माणूस. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो.

चीफ साहेब उभे राहून म्हणाले, "अण्णा, हा करडा डबा मागासलेला आहे. माझी शिफारस निळ्याची. त्या दिवशी आमच्या मिस्त्रीनं घोळ घातला खरा, पण ती चूक माणसाची, यंत्राची नव्हे."

लोक हसले. आणि माझ्या डोक्यातल्या चोयट्यांनी पेट घेतला.

"साहेब!" मी म्हणालो, आणि माझा आवाज पत्र्यापर्यंत गेला. "माझी चूक असंल तर मला आजच गव्हाणीवर टाका. पण आधी एक करा. आपल्याकडं तीन पाळ्यांचे मिळून पाच वायरमन हायत. एकेकाला आत बोलवा. कायबी सांगू नका, फकस्त म्हणा, निळ्या डब्याचा सेल बदल. त्यातला एक जरी चालू पॅनेलमध्ये हात घालंल, तर मी चुकलो."

चीफ साहेब चिडले. "हा काय तमाशा आहे?"

अण्णा म्हणाले, "होऊ द्या की. तमाशाला पैसे न्हाय पडत."

पाचही जणांना बाहेर थांबवलं. पहिला आला. चीफ साहेबांनी त्याला सांगितलं, सेल बदल. त्याचा हात सरळ खटक्याकडं गेला. दुसरा आला, खटका. तिसरा, खटका. चौथ्यानं पाडलेला खटका लाल फडक्यानं बांधूनही टाकला. निळ्या कंपनीचा माणूस कपाळाला हात लावून बसला होता. मी मात्र चीफ साहेबांच्या तोंडाकडं बघत होतो; ते आता हसत नव्हते.

पाचवे तात्या. निवृत्तीला आलेले, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी चष्मा पुसला, खटका पाडला, फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकला आणि वरून खिसा थोपटला.

अण्णांनी विचारलं, "तात्या, फ्यूज खिशात कशापायी?"

तात्यांना हे नाटक कशाचं ते माहीत नव्हतं. ते भाबडेपणानं म्हणाले, "अण्णा, म्या आत असताना कुणी खटका वर केला, तर तुमी माज्या म्हातारीला काय सांगणार?"

मी पुढं झालो. "ही चूक न्हाय अण्णा, ही शिस्त हाय. ती ह्या लोकांच्या हाताला मी लावलीय, एका माणसाचा हात गेल्यावर. डबा वाचवायसाठी ती मोडा म्हणत असाल, तर उद्या दुसरा हात जाईल. आणि सेल तसाही टिकायचा न्हाय. त्यांच्या पुस्तकात सहा महिने लिवलंय, आपला खटका दहा महिने खाली असतो. पान दाखवतो."

मी पुस्तक उघडून दिलं. चीफ साहेबांनी ते पान वाचलं, परत वाचलं. माणूस इमानी, वाचलेलं नाकबूल करणारा नव्हे. पण हार मानणाराही नव्हे. म्हणाले, "ठीक. पण वाळका ऊस आला, फवाऱ्याची वेळ वाढवायची झाली, तर दर वेळी पुण्याला पळणार का?"

ह्याचा विचार मी केला होता. करड्या डब्याच्या माणसाला मी सकाळीच विचारून ठेवलं होतं. वेळा चिपमध्ये कोरायच्या न्हायत. पॅनेलच्या दारावर बाहेरच्या बाजूला आकड्यांची चाकं बसवायची. फवारा किती सेकंद, ब्रेक किती सेकंद, ते मशीनवरच्या माणसानं बोटानं फिरवून ठरवायचं. दार उघडायचं कामच न्हाय. त्या माणसानं मान हलवून सांगितलं, होईल.

अण्णांनी चीफ साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

चीफ साहेब म्हणाले, "मग मीही सगळ्यांसमोर सांगतो. करडा घेऊ. एक हंगाम चालेल, त्यात काय नवल. पण दहा महिन्यांनी पूजेच्या दिवशी तो पहिल्या खटक्याला सुरू झाला नाही, तर मिस्त्री, त्या पॅनेलला पुन्हा हात लावायचा नाहीस."

"कबूल," मी म्हणालो.

त्या साली हंगाम दोन महिन्यांच्या आत संपला. डबा मुकाट्यानं चालला. टकटक बंद झाली, आणि खरं सांगतो, पहिले आठ दिवस मला करमेना. शेवटची मोळी गेली, खटके पाडले, तात्यांनी कुंकू लावलं, दोरा बांधला. मग ते दहा महिने आले. दिवसभर ऊन, विहिरी कोरड्या, ST स्टँडवर पाण्याचे टँकर. मी आठवड्यातून एकदा सायकलवर कारखान्यात जायचो, बंद पॅनेलवरची धूळ फुंकायचो आणि परत यायचो. आत बघायची सोय न्हाय, खटका वर करून तपासायची सोय न्हाय. पुस्तकात लिहिलंय म्हणून चिप विसरत न्हाय, हे मला पाठ होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं आमचा वैशाख कुठं बघितला होता? बायको म्हणायची, "इतक्या खेपा सासुरवाडीला घातल्या असत्या तर माझ्या भावांनी बकरा कापला असता." मी हसायचो, आणि मनात परत पहिल्यापासून उजळणी करायचो. दार, वेग, फवारा, ब्रेक, खरवडणं.

पूजेच्या दिवशी माणूस मावत नव्हता. बॉयलर पेटला. पहिली मोळी गव्हाणीत पडली, चरकातून रस आला. पाक तयार व्हायला वेळ लागतो, तोवर तीन वेळा चहा झाला आणि माझा कप तिन्ही वेळा तसाच गार झाला. मग निरोप आला, मशीन चालू करा. तात्यांनी दोरा सोडला. त्यांनी नारळ फोडला, मी मनात बिस्मिल्ला म्हटलं, आणि खटका मी वर केला.

लाल दिवा लागला. एक क्षण काहीच झालं न्हाय. मग हिरवा लागला. पाकाचं दार उघडलं, पिंपानं वेग घेतला, फवारा सुटला तो अगदी वेळेवर, ब्रेक लागला, आणि पांढरी साखर खाली पडली. मशीनवरच्या लोकांनी टोप्या उडवल्या. कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, डब्याला याद हाय की वो सगळी!" अण्णांनी ती गरम साखर चिमटीत घेऊन आधी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाल्ली आणि मला रडू आलं. लाज वाटली न्हाय, कशाला वाटावी?

चीफ साहेब सगळी मशीन नीट बघून झाल्यावर माझ्याजवळ आले. म्हणाले, "मिस्त्री, ती जाहिरात मी उद्या देतोय."

म्हणजे पॅनेल गेलं? मशीन चालली तरी?

"उरलेल्या मशीनींनाही डबेच बसवायचेत," ते म्हणाले. "एकट्याला झेपणार नाही. तुमच्या हाताखाली एक डिप्लोमावाला हवा."

मी खाली पडलेली साखर चिमटीत घेऊन साहेबांच्या तळहातावर ठेवली.

मुलाखतीच्या दिवशी चीफ साहेबांनी मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तिघे जण आले होते, इस्त्रीचे कपडे घालून, हातात सर्टिफिकेटं घेऊन. साहेबांनी त्यांना इंग्रजीत बरंच काही विचारलं. मग मला म्हणाले, "तुम्ही विचारा." मला इंग्रजीत विचारता येत न्हाय. मी तिघांना एकेक करून जुन्या रिलेच्या पॅनेलपाशी नेलं आणि म्हणालो, आतला सेल बघून सांग. आत सेल नव्हताच. पहिल्यानं सरळ दार उघडलं. दुसऱ्यानंही उघडलं. तिसरा थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्याचा मेन खटका कुठाय?"

पहिल्या दोघांचे मार्क त्याच्यापेक्षा जास्त होते. मी तिसऱ्याला घेतला.